अर्धा वाटा

मालवणच्या दक्षिणेस कर्ली नदी समुद्राच्या अगदी उंबरठ्याशी येऊनही त्यात एकदम शिरत नाही. काही अंतर ती त्याच्या कडेकडेने चालत राहते, आणि तिच्या या संकोचामुळे नदी व दर्या यांच्या मध्ये वाळूची जी चिंचोळी पट्टी शिल्लक राहिली आहे तिच्यावर आमचे देवबाग वसले आहे. घराच्या पुढच्या दारातून दर्याची गाज ऐकावी आणि मागच्या दारातून खाडीवरच्या वल्ह्यांची चाहूल घ्यावी, असा हा गाव. रात्री नैर्ऋत्येस वेंगुर्ल्याच्या समुद्रातील खडकांवरचे दीपगृह आपला डोळा मिचकावीत असे, आणि तो मोजता मोजता आम्हां मुलांना झोप लागत असे. या झोपेचा भंग करण्याचा अधिकार गावात एकाच गोष्टीला होता, ती म्हणजे पहाटेच्या अंधारात किनाऱ्यावरून उठणारा कुकारा. तो एकदा कानावर पडला की शेजारच्या चार-पाच घरांची दारे एकामागून एक करकरत, विझत आलेल्या चुलीवर आई पेज तशीच टाकून देई, आणि वडील कमरेला पंचा गुंडाळीत आम्हा भावंडांना पायानेच जागे करीत, कारण हातांना त्या वेळी दुसरे काम असे. रापण टाकायची वेळ झालेली असे.

ज्या वाचकांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्या मनात मासेमारीचे जे चित्र असते ते बहुधा होडीतून जाळे फेकणाऱ्या एकट्या कोळ्याचे असते, आणि ते खोटे नाही; खाडीत पाग फेकणारा माणूस एकटाच असतो. रापणीचा प्रकार अगदी निराळा. हे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे आहे. त्याचे एक टोक वाळूवर ठेवून उरलेले जाळे होडीत घालून दर्यात न्यायचे, माशांच्या थव्याला अर्धवर्तुळाकार वळसा घालीत ते पाण्यात सोडत जायचे, आणि दुसरे टोक काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणून लावायचे. मग दोन्ही टोकांच्या दोरांना माणसांनी धरून ते सारे अर्धवर्तुळ हळूहळू वाळूवर ओढून घ्यायचे, असा त्याचा सारांश. जाळे अर्धा-पाऊण किलोमीटर, कधी त्याहूनही लांब. ओढणारी माणसे पन्नास-साठ, थवा मोठा असला तर शंभराच्या वर. गोव्यात त्याला रांपण म्हणतात, कारवारपासून दक्षिणेस रंपणी; सिंधुदुर्गातील आमचा गाबित समाज त्याला रापण म्हणतो, आणि हा शब्द आमच्याकडे जाळ्यापुरता नसून ते जाळे ओढणाऱ्या माणसांच्या संचालाही लावला जातो. ‘अमका आमच्या रापणीतला’ असे म्हटले की त्यात त्याचे घर, त्याचे जाळे, त्याची ऐपत आणि त्याच्यावरचा आपला हक्क या सर्वांची नोंद एकदमच होते.

असे होण्याचे कारण जाळ्याच्या घडणीतच आहे. एवढे प्रचंड जाळे कोणा एका घराच्या मालकीचे असणे शक्य नव्हते. ते तुकड्यातुकड्यांचे असे, आणि प्रत्येक तुकडा एकेका घराचा. हंगाम सुरू होण्यापूर्वी हे तुकडे किनाऱ्यावर आणून एकमेकांना शिवले जात; हंगाम संपला की टाके उसवून ज्याचा तुकडा त्याने घरी न्यावा. आमच्या घरचे दोन तुकडे डाव्या बाजूला असत, आणि पाण्यातून जाळे वर येताना ते आपले आहेत हे मला दुरून ओळखता येई, कारण आजीने घातलेली गाठ इतरांच्या गाठीहून किंचित जाड असे. दोन्ही बाजूंच्या जाळ्याची आस, म्हणजे विणीतली भोके, मोठी, मधल्या घोळाची बारीक. मासा शेवटी गोळा व्हायचा तो या घोळात. वरच्या दोराला तरंगणारे लाकडी ठोकळे, खालच्या दोराला जड वजने, म्हणजे पाण्यात जाळ्याची भिंत उभी राहावी आणि तिचा पाया तळाच्या वाळूला चिकटून सरकावा.

नायलॉन आमच्या किनाऱ्यावर आले ते साठीच्या दशकात. माझ्या बालपणी, म्हणजे 1952-53 च्या सुमारास, जाळी सुताची किंवा तागाची असत आणि दोर काथ्याचे. खाऱ्या पाण्यात सूत कुजते. म्हणून ऐनासारख्या झाडांच्या साली मोठ्या हंड्यात उकळून त्या तांबड्या काढ्यात जाळी बुडवावी लागत. पावसाळ्याचे ते मुख्य काम. बाहेर दर्या खवळलेला, होड्या झापांच्या खाली उलथ्या घातलेल्या, आणि पडवीत आजी फाटलेल्या जाळ्याचा तुकडा पायाच्या अंगठ्यात अडकवून बांबूच्या सुईने आस विणीत बसलेली. काढ्याचा तो तुरट, किंचित कडसर वास आमच्या अंथरुणा-पांघरुणांना लागत असे. नायलॉन आले तेव्हा पुरुषांना फार आनंद झाला, आणि तो रास्तच होता, कारण ते कुजत नाही, हलके असते, पाणी पीत नाही. परंतु हंडा कायमचा उलथा पडला तसे पावसाळ्यात घराघरांतून गोळा होणाऱ्या बायकांच्या बैठकीचे निमित्तही गेले, ही गोष्ट मात्र त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की हंगाम उघडे. पुढचे तीन-चार महिने रापणीचे खरे वैभवाचे, आणि ते वैभव मुख्यतः बांगड्याचे. हा मासा शहरातील खानावळीत ताटात पडतो तेव्हा त्याच्याविषयी कोणाला विशेष आदर वाटत नाही. पापलेट आणि सुरमई यांच्या पंक्तीत त्याला पाटावरून उठवून जमिनीवर बसवलेले असते. पण किनाऱ्यावरच्या माणसाचे पोट त्यानेच भरले आहे. पावसाळ्यात नद्या दर्याला गाळाबरोबर क्षार आणून देतात, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात खालच्या थरातील थंड पाणी वर येते. या दोन्हींमुळे पावसाळ्याच्या अखेरीस समुद्रात सूक्ष्म जीवांचे जणू पीक येते, आणि हे पीक चरण्यासाठी बांगडा व तारली यांचे थवेच्या थवे किनाऱ्याजवळ येतात. बांगड्याच्या कल्ल्यांत बारीक कंगव्यासारखी रचना असते. तिच्यातून पाणी गाळून तो आपले अन्न वेगळे करतो. प्राणिशास्त्रज्ञांनी त्याला ‘रॅस्ट्रेलिगर कनगुर्ता’ असे नाव दिले आहे. यातील कनगुर्ता हा शब्द लॅटिन नसून तेलुगू आहे: पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याने विशाखापट्टणमच्या मासळीवर 1803 साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तेथील कोळ्यांच्या तोंडचे हे नाव नोंदले गेले आणि पुढे फ्रेंच पंडित क्यूव्हिए याने 1816 मध्ये ते कायम केले. आमच्या बांगड्याला जगाच्या दप्तरात पूर्व किनाऱ्याच्या नावाने नोंदवले गेले याचा मला लहानसा मत्सर वाटत आला आहे. पण निदान ते कोळ्याचे नाव आहे, एवढ्यावर मी समाधान मानतो.

थवा आला हे ओळखण्याचे काम तांडेलाचे, आणि आमच्या रापणीचा तांडेल माझा आजा होता. तो पहाटे सुरूच्या झाडांखाली उकिडवा बसून पाण्याकडे पाहत राही. मी त्याच्या शेजारी बसून तेच पाणी पाहत असे आणि मला त्यात पाण्याखेरीज काहीही दिसत नसे. त्याला मात्र एखाद्या जागी पाण्याचा रंग काळवंडलेला दिसे, वारा नसताना पृष्ठभाग मंद आचेवरच्या दुधासारखा शहारलेला दिसे, कुररी पक्षी एकाच ठिकाणी पुनःपुन्हा सूर मारताना दिसत. काळोख्या रात्री त्याची आणखी एक खूण असे: पाण्यात चमकणाऱ्या सूक्ष्म जीवांची दाटी झाली असेल तर थव्याच्या हालचालीने पाण्याखालून फिकट उजेडाचा एक पट्टा सरकत जाई. आजा उठून उभा राही, कमरेवर हात ठेवी, आणखी थोडा वेळ पाही, आणि मग दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून कुकारा घाली. त्याच्या अंदाजावर पन्नास घरांची सकाळ अवलंबून असे, आणि अंदाज चुकला तर दिवसभर कोणी त्याला काही बोलत नसे. हे न बोलणेच त्याला लागत असावे, कारण त्या रात्री तो जेवताना मान वर करीत नसे.

होडी निघाली की किनाऱ्यावरच्या लोकांत एक विलक्षण शांतता पसरे. एक दोर वाळूवर दोघे-तिघे धरून उभे, होडीतले वल्हेकरी वाकून वल्ही मारीत आहेत, मागे उभा राहिलेला माणूस जाळ्याच्या घड्या एकेक करून पाण्यात सोडतो आहे, आणि त्या घड्या पाण्यात पडताना होणाऱ्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नाही. मासा बावचळला तर खोल पाण्याकडे वळेल ही भीती. वळसा पुरा होऊन दुसरा दोर किनाऱ्याला लागला की मात्र शांततेचा अंमल संपे आणि बायका-पोरांसह सारा गाव दोन तुकड्यांत विभागून दोन्ही दोरांवर तुटून पडे.

दोर ओढणे हे दिसायला बळाचे काम आहे. वस्तुतः ते चालण्याचे काम आहे, आणि तेही उलट चालण्याचे. तोंड दर्याकडे, पाठ गावाकडे, दोर दोन्ही हातांत किंवा कमरेच्या पट्ट्यात अडकवलेला, टाचा वाळूत रुतवीत एकेक पाऊल मागे घ्यायचे. ओळीतला सर्वांत मागचा माणूस माडांच्या रांगेपर्यंत पोचला की तो दोर सोडून धावत पुढे जातो आणि पाण्याच्या काठाशी पुन्हा पहिला होऊन दोर धरतो. दोन-तीन तास ही साखळी अशी फिरत राहते. दोन्ही बाजूंची गती सारखी राखणे हे त्यातले मर्म. एक बाजू पुढे गेली तर घोळ वाकडा होतो आणि मासा मागे राहिलेल्या बाजूकडून निसटतो. पाण्याला ओढ असेल त्या दिवशी ओढीच्या बाजूला अधिक माणसे लावावी लागतात. आजा दोन्ही ओळींच्या मध्ये पाण्यात कमरेइतका उभा राहून नुसत्या हातांनी हुकूम देई. जाळे जवळ येऊ लागले की दोन्ही तुकड्या एकमेकींकडे सरकत, अर्धवर्तुळ अरुंद होत जाई, धडधाकट माणसे पाण्यात शिरून खालच्या दोरावर पाय रोवून उभी राहत, आणि वरचा दोर हातांनी उचलून धरीत, कारण बोयीसारखा उडाणटप्पू मासा जाळ्याच्या वरून उडी मारून सरळ पसार होतो. आम्ही मुले पाणी बडवीत असू. या एकाच कामासाठी मोठ्यांनी आम्हांला आरडाओरडा करण्याची मुभा दिलेली असे, आणि तिचा आम्ही पुरेपूर उपयोग करीत असू.

माझ्या हातून घडलेला अपराध येथे सांगितला पाहिजे. मी नऊ वर्षांचा असेन. त्या दिवशी थवा मोठा होता. घोळ अजून पन्नास-साठ वाव लांब असतानाच आतले पाणी उसळू लागले होते. मी दक्षिणेच्या दोरावर होतो. पाण्याच्या फुगवट्यात एकाएकी हजारो निळसर-हिरव्या पाठी एकदम वळल्या, त्यांच्यावर सकाळचे ऊन पडले, आणि काय होते आहे हे कळण्यापूर्वीच मी दोर सोडून पाण्याकडे धावत सुटलो. माझ्या मागून आणखी चार-पाच पोरे धावली. नेमक्या त्याच वेळी आमच्या बाजूचा खालचा दोर तळाच्या एका उंचवट्यावर चढत होता आणि ताण हवा होता. तो पडला ढिला. जाळ्याचा पाया तळापासून वीतभर उचलला गेला असेल, पण बांगड्याला वीत पुष्कळ झाली. पाण्याखालून एक काळी सावली बाहेर सरकताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पाच-सहा पोरांच्या बळाने एवढा फरक पडला असेल का, हा प्रश्न मी पुढे मोठा झाल्यावर अनेक वेळा स्वतःला विचारला आहे, आणि दर वेळी स्वतःला दोषमुक्त करण्याच्या बेतात असताना ती सावली पुन्हा दिसते.

आजा तेव्हा काही बोलला नाही. वाटण्या झाल्या, माझ्यासमोर माझी लहानशी रास आली, तेव्हा मी हात पुढे करीना हे पाहून तो म्हणाला, “घे झिला. दोर सोडलंस म्हणान वाटो कमी करूक नाय. गेला ता सगळ्यांचा गेला.” त्या रात्री आईने तिरफळ घालून बांगड्याचे तिखले केले होते. मी पेज पिऊन निजलो.

हा वाटा म्हणजे काय, हे विस्ताराने सांगितल्याशिवाय रापण समजणार नाही. किंबहुना माझे मत असे की रापण हे मुळात जाळे नव्हेच, ती वाटणीची एक पद्धत आहे, आणि जाळे हे तिचे साधन. वाळूवर मासा येऊन पडला की प्रथम घरी खायला लागणारा भाग बाजूला काढून तो तिथल्या तिथे वाटला जाई. उरलेल्याची पावणी होई. पावणी म्हणजे लिलाव. तीत गावच्या बायका आणि मालवणहून आलेले व्यापारी बोली करीत, आणि बोलीत बायकांचा आवाज व्यापाऱ्यांच्या वर असे. आलेल्या पैशांचा हिशेब बाजाराच्या दिवशी पडवीत बसून होई. होडीचा वाटा, जाळ्याच्या प्रत्येक तुकड्याचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येक अंगाचा वाटा, आणि देवाचा वाटा असे त्याचे भाग पडत. त्यांचे प्रमाण गावोगाव निराळे असते, पण तत्त्व सर्वत्र एकच. ज्याच्याजवळ जाळे आहे त्याला जाळ्याचे आणि अंगाचे असे दोन्ही वाटे मिळत. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने केवळ दोराला हात लावला तरी तो अंगाच्या वाट्याचा धनी होई. नवरा दर्यात गेलेल्या बाईचा जाळ्याचा तुकडा रापणीत शिवलेला असेल तोवर तिचा वाटा तिच्या दारी पोचता होई, ती किनाऱ्यावर आली नाही तरी. या साऱ्या व्यवहाराचा एकही कागद नव्हता. आजाला अक्षर येत नव्हते. तो कोळशाने भिंतीवर रेघा ओढी, आणि माझ्या आठवणीत या हिशेबावरून झालेले तंटे पुष्कळ असले तरी सरकारदरबारी गेलेली फिर्याद एकही नाही.

मुलांना अर्धा वाटा. तसाच तो ज्यांच्या अंगात ओढण्याचे बळ राहिले नाही, पण जे सवयीने किनाऱ्यावर येऊन दोराला हात लावतात, त्या म्हाताऱ्यांनाही. पैशांत अर्धा म्हणजे अर्धा; आणे-पैचा हिशेब बरोबर होई. मासळीत मात्र एक अडचण येई: पुऱ्या वाट्याला सात बांगडे आले तर अर्ध्याला किती? आमच्या रापणीचा कायदा असा होता की वाळूवर मासा कापायचा नाही आणि अर्धेकऱ्याच्या राशीतून काढून घ्यायचे नाही. सातांचा अर्धा चार. पाचांचा अर्धा तीन. शाळेत गुरुजींनी अपूर्णांक शिकवले तेव्हा मी साडेतीनच्या जागी चार लिहिले आणि छडी खाल्ली, पण त्या दिवशी गुरुजींचाच हिशेब कच्चा आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

या पद्धतीचे गुणगान करताना तिचे दोष झाकणे मला प्रशस्त वाटत नाही. होडीत बाईला जागा नव्हती. बायकांनी दोर ओढला तरी अनेकदा त्यांचे अंग नवऱ्याच्या वाट्यात मुरून जाई. आणि घोळाची आस बारीक असल्यामुळे लहान पिल्लेही मोठ्यांबरोबर वाळूवर येत. त्यांचे पुढे काय होते याची चिंता त्या काळी कोणी करीत नव्हते, कारण दर्या आटेल ही कल्पनाच कोणाला शिवली नव्हती.

आटण्याची कल्पना न यावी असे दिवसही आम्ही पाहिले. बर्फ नाही, वीज नाही, मालवणचा बाजार तीन-चार कोसांवर आणि तेथे जायचे ते डोक्यावर पाटी घेऊन, कधी खाडीतून होडीने. अशा स्थितीत एकाच सकाळी रापणीला अफाट मासळी लागली की आनंदाबरोबर एक विवंचनाही किनाऱ्यावर येई. भाव कोसळे. बायका रात्र रात्र जागून बांगडे चिरून मीठ भरीत. हे मीठ बहुतेक शिरोड्याचे, त्याच मिठागरांचे, जेथे 1930 साली सत्याग्रह झाला. तरीही उरलेली तारली माडांच्या मुळाशी पुरली जाई. आमच्या परसातले माड इतके का वाकतात असे कोणी पाहुण्याने विचारले तर वडील हसून म्हणत, मासे खाऊन सुस्तावलेत.

मग चित्र पालटत गेले. इंजिनाच्या होड्या आल्या, तळ खरवडणारे ट्रॉलर आले, आणि सत्तरीच्या दशकात पर्ससीन आले. या जाळ्याची करामत अशी की ते भर समुद्रात थव्याला पुरते वर्तुळाकार वेढते आणि त्याच्या खालच्या कडेच्या कड्यांतून ओवलेला दोर आवळला की बटव्याचे तोंड बंद व्हावे तसे तळाकडून बंद होते. अख्खा थवा एका दमात होडीत. रापण ही दारात बसून पाहुण्याची वाट पाहणारी. पर्ससीनने पाहुण्याला वाटेतच गाठले. कर्नाटकच्या किनाऱ्यावर 1975 च्या सुमारास पर्ससीनचा प्रसार सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत तेथील रंपणी जवळजवळ नामशेष झाली. गोव्यात रांपणकारांनी त्याच दशकात मोठे आंदोलन उभारले. मथानी साल्ढाणा यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. महाराष्ट्राने 1981 साली सागरी मासेमारी नियमनाचा अधिनियम केला, योगायोगाने आमचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला त्याच वर्षी. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवण्याचे तत्त्व त्यातून अमलात आले. डॉ. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालानंतर 2016 च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर निर्बंध घालणारा शासनाचा हुकूम निघाला, आणि 2017 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने प्रखर दिव्यांच्या उजेडात मासे गोळा करून पकडण्यावर बंदी घातली. हुकूम चांगले आहेत. पण रात्री देवबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता क्षितिजावर दिव्यांची जी रांग दिसते ती मोजताना दीपगृहाचा डोळा शोधावा लागतो, एवढे मी स्वतः पाहिले आहे. ‘मत्स्यदुष्काळ’ हा शब्द माझ्या आजाला समजावून सांगावा लागला असता. आज तो आमच्याकडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

जाळ्याला मासा लागतो तसा ओढणाऱ्यांना किनाराही लागतो, आणि तोही आता पूर्वीसारखा सलग राहिलेला नाही. आमची वाळूची पट्टी दोन्ही बाजूंनी कुरतडली जात आहे. धूप थांबवण्यासाठी ठिकठिकाणी दगडांचे बंधारे घातले आहेत, आणि बंधाऱ्यावरून रापण ओढता येत नाही. जेथे वाळू शिल्लक आहे तेथे पर्यटकांच्या छत्र्या आहेत. या पर्यटकांविषयी कडवट बोलण्याची आमच्याकडे फॅशन आहे, तीत मला भाग घ्यायचा नाही. ज्या घरांतल्या रापणी मोडल्या त्यांपैकी कित्येकांची चूल आज न्याहारी-निवासाच्या पाटीवर पेटते.

मागच्या हिवाळ्यात मी पुष्कळ वर्षांनी गावी राहिलो. एका सकाळी रापण पडली. कुकारा नव्हता, तांडेलाने, जो नात्याने माझा पुतण्या लागतो, फोनवरूनच सर्वांना बोलावले होते. ओढणारी माणसे तीसही नव्हती, त्यामुळे पुण्या-कोल्हापूरकडून आलेली काही कुटुंबेही दोराला लागली. एक सात-आठ वर्षांची मुलगी पाठमोरी चालायचे विसरून पुनःपुन्हा गावाकडे तोंड करीत होती आणि तिचा बाप तिला खांद्याला धरून दर्याकडे वळवीत होता. मीही दोर धरला. काथ्याचा नव्हता, नायलॉनचा, गुळगुळीत, हाताला न बोचणारा. मी किती बळ लावले असेन ते दर्यालाच ठाऊक, पण माडांपर्यंत जाऊन पुन्हा पाण्याकडे धावण्याऐवजी चालत आलो, एवढे मात्र सर्वांनी पाहिले.

घोळ वर आला तेव्हा त्यात पुष्कळशी जेलीफिश, मूठभर तारली, काही लेपे, आणि तळाशी बांगडे होते. पावणी करण्यासारखे काही नव्हते. पुतण्याने राशी घालायला सुरुवात केली. पुऱ्या वाट्याला तीन बांगडे येत होते. त्या मुलीच्या ओंजळीत त्याने दोन ठेवले. मग तो माझ्याकडे आला, काही न बोलता माझ्या पिशवीचे तोंड उघडून त्यात दोन बांगडे टाकले, आणि पुढच्या माणसाकडे वळला. तिनाचा अर्धा दोन, हा हिशेब त्याला कोणी शिकवला ते मी विचारले नाही.